कुलूप लावले, ओढून पाहिले का?

रात्रपाळीला निघताना आपण दाराला कुलूप लावतो. किल्ली खिशात टाकतो, दोन पावले जातो आणि परत येऊन कुलूप एकदा ओढून पाहतो. ही सवय आपल्याला कोणी शाळेत शिकवली नाही. कधीतरी कुलूप नुसते अडकवून गेलो, घरी परतल्यावर डोक्याला हात लावला, त्या दिवसापासून ती लागली. आज आम्ही मोबाईलच्या अशाच एका कुलपाविषयी लिहीत आहोत.

गेल्या महिन्यात एका रविवारी एक तरुण आमच्याकडे आला. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात तो ठेकेदारामार्फत कामाला आहे. ठेकेदाराच्याच खोलीत आणखी चौघांबरोबर राहतो. खोलीचे भाडे पगारातून कापले जाते आणि त्या भाड्यातच वायफाय धरलेले आहे. "जयभीम काका," म्हणून बसला, पाणी प्याला आणि मग हळूहळू बोलू लागला.

त्याच्या पगारातून दरमहा फंड कापला जातो, पण खात्यावर चार महिने भरणाच दिसत नाही. तक्रार कोठे आणि कशी करायची हे तो रात्री मोबाईलवर शोधत होता. वायफाय ठेकेदाराचे, तेव्हा जपून असावे म्हणून मित्राच्या सांगण्यावरून त्याने एक फुकटचे व्हीपीएन ॲप घेतले. ते चालू केले की पडद्याच्या वरच्या बाजूला किल्लीचे चिन्ह दिसे. तो निर्धास्त झाला. आठ दिवसांनी ठेकेदार सगळ्यांदेखत हसत हसत म्हणाला, "काय रे, फंडाच्या ऑफिसात नोकरी लागली की काय तुला? रोज रात्री मोबाईलवर तिथंच जाऊन बसतोस म्हणे!"

"काका, किल्लीचं चिन्ह तर होतं. मग त्याला कळलं कसं?" हा त्याचा प्रश्न.

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर समजायला अवघड नाही. आपण मोबाईलवर एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहितो. परंतु यंत्रांना नाव कळत नाही, त्यांना आकड्यांचा पत्ता लागतो. म्हणून मोबाईल आधी कोणाला तरी विचारतो, "या नावाचा पत्ता काय?" ही पत्ते सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. अमेरिकेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली तिची रचना केली. त्याआधी सगळी नावे आणि पत्ते एकाच यादीत लिहून ठेवलेले असत. यादी वाढत गेली, सांभाळणे जड झाले, तेव्हा हे काम जगभरच्या यंत्रांत वाटून दिले गेले. मात्र त्या काळी चोरून ऐकणाऱ्याचा विचार झाला नव्हता. हा प्रश्न उघड्या शब्दांत विचारला जाई, आणि आजही पुष्कळ ठिकाणी तसाच विचारला जातो.

व्हीपीएन म्हणजे तुमच्या मोबाईलपासून दूरच्या एका यंत्रापर्यंत काढलेला बंद बोगदा. मधल्या राऊटरवाल्याला, केबलवाल्याला आत काय चालले आहे ते दिसू नये, हा त्याचा हेतू. पण बोगद्यातून सगळे नेले आणि पत्ता विचारायचे काम बाहेरच ठेवले, तर काय झाले? पत्र पाकिटात घालून डिंकाने चिकटवले, आणि पत्ता मात्र कोपऱ्यावरच्या पानवाल्याला मोठ्याने विचारला. पत्रातला मजकूर त्याला कळला नाही. पत्र कोणाला चालले आहे हे कळले. यालाच डीएनएसची गळती म्हणतात. काही राऊटरमध्ये कोणत्या मोबाईलने कोणते नाव विचारले याची यादी मालकाला दिसते. ठेकेदाराने तक्रार वाचली नव्हती, पासवर्डही त्याच्या हाती लागला नव्हता. त्याने फक्त नाव पाहिले. पण ज्याची रोजीरोटी त्याच्या हातात, त्याला तेवढेही भारी पडते.

आम्ही त्याचा मोबाईल आमच्या घरच्या वायफायला जोडला आणि तपासणी केली. ती कोणालाही दहा मिनिटांत करता येते, म्हणून क्रमाने सांगतो.

आधी व्हीपीएन बंद ठेवावे. ब्राउझरमध्ये डीएनएस लीक टेस्ट डॉट कॉम हे संकेतस्थळ इंग्रजी अक्षरांत लिहून उघडावे. तेथे एक साधी आणि एक विस्तृत अशा दोन तपासण्या आहेत, विस्तृत घ्यावी. थोड्या वेळाने एक यादी येते. पत्ता सांगणारी यंत्रे कोणत्या कंपनीची, कोणत्या देशातील, हे तिच्यात असते. ती कागदावर उतरून घ्यावी. मग व्हीपीएन चालू करावे, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा आणि तीच तपासणी परत करावी. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

हे संकेतस्थळ ओळखते कसे? ते तुमच्या मोबाईलला पूर्वी कोणीही न विचारलेली काही नावे विचारायला लावते. त्या नावांचे पत्ते फक्त त्याच्याच यंत्राकडे असतात. मग विचारायला दारात कोण आले, हे ते पाहते आणि तुम्हाला सांगते.

दुसऱ्या यादीत तुमच्या इंटरनेट कंपनीचे नाव दिसले, तर गळती आहे. त्या तरुणाच्या मोबाईलवर नेमके तेच झाले. व्हीपीएन त्याला सिंगापुरात बसलेला दाखवत होते आणि पत्ते मात्र आमच्या केबलवाल्याकडे विचारले जात होते. दुसऱ्या यादीत फक्त व्हीपीएनच्या कंपनीची यंत्रे असतील तर ठीक. गूगल किंवा क्लाउडफ्लेअर ही नावे आली तर जरा थांबून विचार करावा. तुम्ही स्वतः मोबाईलमध्ये तशी सोय केली असेल तर हरकत नाही. पण पुष्कळ राऊटरही गूगललाच विचारतात. तेव्हा नाव गूगलचे दिसते आणि प्रश्न राऊटरमधूनच गेलेला असतो. म्हणून दोन्ही याद्या सारख्याच आल्या, तर शंका घ्यावी.

एकदा तपासून भागत नाही. वायफायवरून सिमच्या इंटरनेटवर आलो, मोबाईल बंद करून चालू केला, ॲप नवे झाले, की पुन्हा पाहावे.

हा एका ॲपचा दोष नव्हे. २०१६ साली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील संशोधकांनी अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन ॲप्स तपासली. त्यांपैकी १८ टक्के ॲप्सनी बोगद्यातला मजकूर झाकलाच नव्हता, आणि ६६ टक्के ॲप्स डीएनएसचे प्रश्न बोगद्याबाहेर सोडत होती. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांची वाहतूक तर ८४ टक्के ॲप्स बाहेर ठेवत होती. पैसे मोजले म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. एक्स्प्रेस व्हीपीएन या नामांकित कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केले, की मे २०२२ पासूनच्या तिच्या विंडोजवरील ॲपमध्ये, ठराविकच प्रोग्राम बोगद्यातून नेण्याची सोय वापरणाऱ्या काही ग्राहकांचे प्रश्न बाहेर जात होते. किल्लीचे चिन्ह बोगदा चालू असल्याचे सांगते. बोगदा गळत नाही, असे ते सांगत नाही.

गळती सापडली तर काय करावे? ॲपच्या सेटिंगमध्ये डीएनएस गळती रोखण्याची सोय असेल तर ती चालू करावी आणि ॲप अद्ययावत करावे. अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये 'ऑलवेज ऑन' आणि व्हीपीएनशिवाय जोडणी रोखणारा पर्याय असतो. दोन्ही चालू करावेत. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोयही आली आहे. तिच्यामुळे पत्त्याचा प्रश्न झाकून जातो. इतके करून पुन्हा तपासावे. तरीही गळत असेल, तर ते ॲप काढून टाकावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला व्हीपीएनची कंपनी बसलेली असते, तुम्ही कोणत्या संकेतस्थळांवर जाता हे तिला दिसू शकते. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवायला सांगितले. त्यानंतर काही कंपन्यांनी येथील यंत्रे हलवली. तेव्हा व्हीपीएन म्हणजे अदृश्य होण्याची विद्या नव्हे. कोणापासून काय झाकायचे आहे, हे आधी ठरवावे.

त्या तरुणाला ठेकेदारापासून झाकायचे होते. त्याला आम्ही सर्वांत सोपा उपाय सांगितला: नाजूक काम दुसऱ्याच्या वायफायवर करूच नये. स्वतःच्या सिमवरचे इंटरनेट वापरावे. सिमच्या कंपनीला नावे दिसतील, ठेकेदाराला दिसणार नाहीत. आमच्याच घरी बसून त्याने वायफाय बंद केले आणि सिमच्या इंटरनेटवरून फंडाची तक्रार नोंदवली. तक्रारीचा क्रमांक त्याने वहीत लिहून घेतला, एक प्रत आमच्याकडे ठेवली.

फंड अजून जमा झालेला नाही. कुलपाने तो होणारही नाही. ते काम त्या तक्रारीचे आहे, आणि तिचा पाठपुरावा तो करीत आहे. आपल्या घरातही कोणी लॉजवर, वसतिगृहात, मालकाच्या खोलीत राहत असेल, तर त्याला हा मजकूर वाचायला द्या. दोन याद्या शेजारी ठेवून पाहायला सांगा. अडले तर आम्हाला कळवा.