जादू कुणाच्या हातात?

अकलूजला आमच्या मंडळाच्या मुलींच्या वाचनवर्गात हॅरी पॉटरचे मराठी भाग ठेवावेत की नाही, यावर मध्यंतरी चांगलाच वाद झाला. एकीकडे बुवाबाजीविरुद्ध पत्रके वाटायची आणि दुसरीकडे मुलींच्या हाती मंत्रतंत्राची पुस्तके द्यायची, असा काहीजणींचा आक्षेप. तो प्रामाणिक आहे, पण मला पटत नाही.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची मैत्रिणींनी पुन्हा वाचावी. अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा तिथे गुन्हा आहे. गोष्टीतल्या जादूला कायदा हात लावत नाही. बोट दाखवणाऱ्याला धरतो. ते बोट कुणाकडे वळते, हे सातपुड्यात डाकीण ठरवल्या गेलेल्या बायांना विचारा. हर्मायनीची जादू तर अंगात येऊन आलेली नाही, पुस्तके पालथी घालून आलेली आहे. आणि शेवटच्या भागात शाळेला वेढा पडतो तेव्हा शिक्षिका आणि आयाही लढायला उतरतात. हे वाचून कोणती मुलगी बुवाच्या दारात जाईल?

माझी तक्रार वेगळीच आहे. वेढ्यातल्या शहराची गोष्ट आपल्या मुलींना परदेशातून का आणावी लागते? अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आपल्या शेजारचेच. 1595 च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मोगल फौजेने तिथल्या किल्ल्याला वेढा घातला. आत चांदबीबी होती. तटाखाली सुरुंग पेरल्याचा सुगावा लागताच तिने ते निकामी करायला घेतले. तरी एक उडालाच. खिंडार पडले, तिथे ती स्वतः तलवार घेऊन उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी झाली. गोळे संपल्यावर तिने तोफेत सोन्याची नाणी भरली, ही दंतकथा सगळ्यांना पाठ. त्या रात्री दगडमाती कुणी वाहिली, ते मात्र कुणी विचारत नाही. (बाया नसतीलच, असे मला तरी वाटत नाही.) 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला.

1600 मध्ये पुन्हा वेढा पडला. आता किल्ला टिकणार नाही, बोलणी करावीत, असे तिचे मत झाले. लगेच ती मोगलांना फितूर झाल्याची आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारले. डाकीण काय, फितूर काय! किल्ला त्यानंतर लवकरच पडला.

ही कादंबरी कुणीतरी आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींसाठी लिहायला हवी. जादू खुशाल घाला. जमिनीला कान लावून सुरुंग ऐकणारी एखादी पोर असू द्या. फक्त चांदबीबीचा शेवट गाळू नका, आणि ती आवई दारोदार कशी पसरत गेली ते सविस्तर लिहा.