नोंदवहीत न मावणारा शीण

'हल्लीच्या मुलांना कष्टच नकोत' हा उद्गार आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून निघाला, की त्याच्यामागोमाग कंदिलाच्या उजेडातले बाळंतपण, पुराच्या पाण्यातून बैलगाडीने ओलांडलेला ओढा आणि वर्षभर न मिळालेली रजा ही मालिका ओघाने येतेच. आणि त्या कष्टांविषयी पूर्ण आदर बाळगूनही, त्यांवरून काढलेला निष्कर्ष आम्हांस मान्य करता येत नाही.

भोर समितीने १९४६ साली आपल्या अल्पकालीन योजनेत ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र कल्पिले होते. आजचे परिमाण सपाटीवर ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी मुलखात २०,००० आहे. 'म्हणजे भार हलकाच झाला की!' असे प्रतिपक्षी म्हणेल. परंतु वैद्यकीय अधिकाऱ्याचा दिवस शिरगणतीने मोजता येत नाही. बाह्यरुग्ण, बाळंतपणे, सर्पदंश, प्रसंगी शवविच्छेदन ही कामे पूर्वीही होती. त्यांवर आता क्षयरोग, लसीकरण, रक्तदाब-मधुमेह अशा प्रत्येक कार्यक्रमाचे दप्तर, त्याची ऑनलाइन नोंद आणि त्याचा तगादा यांचे थर चढले आहेत. वडीलधारे रोग्यापाशी जागून थकले. त्यांचे वारस रोग्याला बाहेर बाकावर बसवून थकतात.

एका केंद्रावर आंतरवासितेतला एक तरुण आयएलआरचे, म्हणजे लसींच्या शीतकपाटाचे, सकाळचे तापमान वहीत टिपून उभा होता. काटा आठ अंशांना टेकला होता, आणि तो पुढे सरकला तर आतल्या लसींचे काय करायचे, हे त्याला विचारायचे होते. अधिकारी फोनवर तालुक्याला कालच्या अहवालाचा खुलासा देत होते. त्यांनी मोकळ्या हाताने वही ओढली, सही केली आणि परत सरकवली. आठवडाभरात त्या मुलाने विचारणेच सोडले. एकेकाळी हौसेने शिकवणाऱ्या त्या गृहस्थांच्या हे ध्यानातही आले नाही, आणि आम्हांस खटकले ते हेच.

दुसरा पक्ष अधिक सहृदय, पण तितकाच भ्रांत आहे. तो म्हणतो, ध्यानवर्ग भरवा, प्राणायाम शिकवा. आमचे प्राणायामाशी वैर नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामातून येणाऱ्या या शिणाला, म्हणजे 'बर्नआउट'ला, व्याधी न मानता व्यवसायनिगडित घटना म्हटले आणि कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाशी त्याचा संबंध जोडला. गळणाऱ्या छपराखाली भिजणाऱ्याला श्वास रोखून धरण्याचा उपदेश करावा, तशातलाच हा उपाय.

आमचे म्हणणे एवढेच, की अध्यापन हे काम आहे आणि त्याची गणना कामात व्हावी. आंतरवासितेतले विद्यार्थी, नव्याने लागलेल्या आरोग्यसेविका, आशा या सर्वांना शिकवण्याचा वेळ आज कोणाच्याही वेळापत्रकात नाही. अधिकाऱ्याने तो आपल्या जेवणाच्या सुटीतून काढावा, असे जणू गृहीतच आहे. केंद्रावर शिकाऊ मंडळी येतील तेव्हा दुसरे वैद्यकीय अधिकारी हजर असावेत, रिक्त पद आधी भरावे आणि आठवड्यातून दोन दुपारी त्या केंद्राकडे कोणी अहवाल मागू नये. 'याला खर्च येईल,' असे वित्त विभाग म्हणेल, येईलच. बंधपत्राचे वर्ष कसेबसे संपवून शहराची वाट धरणाऱ्या डॉक्टरच्या जागी नवा माणूस आणण्याचा खर्च तो विभाग कोणत्या लेखाशीर्षाखाली मांडतो, हे मात्र एकदा सांगावे. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी औषधसाठा, पाण्याची टाकी, आयएलआरची वही पाहून झाल्यावर त्या तरुणाला शेजारी बसवून विचारावे, 'या आठवड्यात तुला इथे कोणी काय शिकवले?'