आटपाडीची हद्द आणि ‘अंतर्गत बाब’

शेजारच्या देशात रणगाडे रस्त्यावर आले, निवडून आलेले प्रतिनिधी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांना टाळे लागले, की लोकशाही राष्ट्रांच्या परराष्ट्र खात्यांतून एक ठरावीक वाक्य बाहेर पडते : ‘ही त्या देशाची अंतर्गत बाब आहे.’ दिसायला हे वाक्य मोठे सभ्य आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, हा शिष्टाचार त्यात आहे. परंतु त्या घरातून किंकाळ्या ऐकू येत असताना आपल्या खिडक्या लावून घेणाऱ्या शेजाऱ्याला आपण सभ्य म्हणत नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, हे वाक्य कोणत्याच लोकशाहीला शोभत नाही आणि भारताला तर मुळीच शोभत नाही. साक्षीसाठी आम्ही वाचकांना दूर नेत नाही. सांगली जिल्ह्यातील आटपाडीपर्यंतच नेतो.

आटपाडी म्हटले की मराठी वाचकाला दुष्काळ आठवतो, माडगूळकर बंधू आठवतात, शंकरराव खरात आठवतात. १९४८ पर्यंत हा मुलूख औंध संस्थानात होता. अवघ्या बहात्तर गावांचे ते संस्थान, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. त्याचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने घडलेली राज्यघटना जाहीर करून आपली सत्ता प्रजेच्या पंचायतींच्या हाती दिली. त्या कामी राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत होते, आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू अभियंता होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. जन्मठेपेचे कैदी तेथे भिंतींवाचून राहिले, शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ त्यावरून निघाला, त्याची कथा गदिमांची. ती वसाहत आजही कारागृह खात्याकडे आहे.

हे सारे ठाऊक असलेल्या वाचकांनाही एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. औंधची ही चिमुकली लोकशाही जन्माला आली तेव्हा तिच्या चहूबाजूंना परका अंमल होता. आटपाडीला लागून असलेले माण, खानापूर, सांगोला हे तालुके इंग्रजांचे. १९४२ साली त्या मुलुखात धरपकड, गोळीबार, सामुदायिक दंड यांचे सत्र सुरू झाले, आणि साताऱ्याचे भूमिगत कार्यकर्ते औंधच्या हद्दीत आसऱ्याला येऊ लागले. पत्री सरकारचे एक केंद्र असलेले कुंडल हे औंधचेच गाव. औंधकडे फौज नव्हती. इंग्रजांना इशारा देण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. जे करता येण्यासारखे होते ते त्याने केले. आलेल्या माणसाला हाकलले नाही आणि कोण आले, कोठे निजले, याची फार चौकशी केली नाही. हद्दीचा एक दगड ओलांडला की माणसाला श्वास घेता येत असे. दडपशाहीला लोकशाहीने द्यावयाचे पहिले उत्तर आम्हांला या दगडापाशी सापडते. भाषण, ठराव, निर्बंध हे सारे त्यानंतरचे. आधी दार उघडे हवे.

अप्पासाहेब पंत हा धडा घेऊन पुढे आफ्रिकेत गेले. १९४८ मध्ये नेहरूंनी त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठविले. २० ऑक्टोबर १९५२ रोजी केनियात आणीबाणी पुकारली गेली, जोमो केन्याटा यांना अटक झाली, हजारो किकुयू छावण्यांत कोंडले गेले. ब्रिटनच्या लेखी ती अंतर्गत बाब होती. तरीही भारतातून दिवाण चमनलाल हे खासदार वकील केन्याटांच्या बचावासाठी गेले. त्याच बचावपक्षात फिट्झ डिसूझा हे गोवन वंशाचे तरुण वकील होते. नैरोबीत जन्मलेले, शिक्षणासाठी गोव्यात व धारवाडला राहून गेलेले पियो गामा पिंटो यांनी आफ्रिकनांची बाजू घेतली आणि १९५४ ते १९५९ अशी पाच वर्षे स्थानबद्धता सोसली. आपल्याच समाजातील ही नावे आपल्या मुलांना ठाऊक नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. पंतांचे आफ्रिकन पुढाऱ्यांशी असलेले सख्य ब्रिटिशांना खुपले. तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या आणि १९५४ मध्ये पंतांना नैरोबी सोडावी लागली. दिल्लीने त्या वेळी आणखी ताठ उभे राहावयास हवे होते, असे आम्हांला वाटते. परंतु तो काळ असा होता की, भारताचा प्रतिनिधी अत्याचाऱ्याला नकोसा होत असे. नकोसे होण्यातही प्रतिष्ठा असते.

आणि ‘अंतर्गत बाब’ या युक्तिवादाचा पाडाव तर आपणच केला होता, तोही स्वतंत्र होण्यापूर्वी. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न १९४६ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रसंघात नेला. शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या. समोर जनरल स्मट्स होते आणि त्यांचे म्हणणे हेच होते की, हा आमच्या घरातला प्रश्न आहे, राष्ट्रसंघाला यात बोलण्याचा अधिकार नाही. आमसभेने दोन-तृतीयांश मतांनी ते फेटाळले. भारताने त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. त्याचा तोटा आपल्यालाही झालाच. जे वाक्य स्मट्स यांच्या तोंडी आपल्याला असह्य झाले, ते आपल्या तोंडी गोड कसे होते?

१९७५ मध्ये काटा फिरला. आता तुरुंग आपले होते आणि कोंडलेलेही आपलेच. त्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवतांनी जे धैर्य दाखविले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. पण देशाबाहेरून आलेली मदत आपण विसरलो. बंगळूरच्या सेमिनरीत काही काळ काढलेले जॉर्ज फर्नांडिस १९७६ च्या जूनमध्ये कलकत्त्यात पकडले गेले, तेव्हा त्यांच्या जिवाची काळजी वाहून विली ब्रँट, ओलोफ पाल्मे आणि ब्रूनो क्रायस्की या युरोपच्या समाजवादी नेत्यांनी दिल्लीकडे शब्द टाकला. दिल्लीचे सरकार तेव्हा ‘परकीय हात’ म्हणून ओरडत होते. त्या परकीय हातांनी ढवळाढवळ केली म्हणून आज कोणी रडत नाही.

एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या देशाने म्यानमारच्या बाबतीत काय केले? १९८८ मध्ये रंगूनचे विद्यार्थी गोळ्या चुकवीत आले, तेव्हा आपण मिझोरम-मणिपुरात त्यांच्यासाठी छावण्या उघडल्या होत्या. दिल्लीत शिकलेल्या आंग सान सू की यांना १९९३ चा नेहरू पुरस्कार आपण दिला. पुढे हवा बदलली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील लष्कराने निवडून आलेल्या प्रतिनिधींना कैद करून सत्ता बळकावली. मितकिना शहरात सिस्टर ॲन रोझ नू तॉंग या धर्मभगिनीने पोलिसांपुढे रस्त्यात गुडघे टेकून, मुलांना मारू नका, मला मारा, अशी विनवणी केली. ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पोप फ्रान्सिस यांनी म्यानमारच्या रस्त्यांवर आपणही गुडघे टेकीत असल्याचे सांगितले. आणि २७ मार्च रोजी, ज्या दिवशी त्या लष्कराने शंभराहून अधिक नागरिकांना ठार मारले, त्याच दिवशी नेपिडोच्या लष्करी संचलनात हजेरी लावणाऱ्या आठ देशांच्या प्रतिनिधींत भारताचा लष्करी प्रतिनिधी होता. १८ जून रोजी आमसभेत ठराव आला. बाजूने ११९, विरोधी १, तटस्थ ३६. त्या छत्तिसांत आपण. यांवरही कडी म्हणजे, राष्ट्रसंघाचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या २०२३ च्या अहवालानुसार सत्तापालटानंतर भारतातून सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरांची शस्त्रे व शस्त्रसामग्री त्या देशात गेली, आणि पुरवठादारांत सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या. शस्त्र विकताना ‘अंतर्गत बाब’ आठवत नाही, हे लक्षात घ्यावे.

सीमेवर काय झाले ते तर अधिकच बोलके आहे. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्राने ईशान्येच्या राज्यांना लिहिले : येणाऱ्यांना रोखा. मणिपूर सरकारने अन्न-निवाऱ्याच्या छावण्या उघडू नका, असा हुकूम काढला आणि गवगवा होताच तीन दिवसांत मागे घेतला. मिझोरमने मात्र ऐकले नाही. मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून, हे आमचे रक्ताचे लोक आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरविता येणार नाही, असे कळविले. गावोगावच्या चर्चनी आणि यंग मिझो असोसिएशनने तांदूळ जमविला, ताडपत्र्या जमविल्या. तीस हजारांहून अधिक माणसे त्या लहानशा राज्याने पोसली. औंधचा वारसा कोणी चालविला असेल तर तो मिझोरमने.

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने म्यानमार सीमेवरील मुक्त संचाराची जुनी सवलत रद्द करण्याची आणि कुंपण घालण्याची घोषणा केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सात ‘कोल्हापूर स्मारका’ला फुले वाहिली. कोणते हे स्मारक? स्टालिनने १९४० मध्ये सैबेरियाकडे हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, त्यांची थडगी आजही कोल्हापुरात आहेत. त्या छावणीमागे युद्धकाळातील राजकारणही होते, हे आम्ही जाणतो. परंतु वळिवड्याच्या शेजाऱ्यांनी त्यांना परके मानले नाही आणि पोलंडने ते ऋण दगडात कोरले. वॉर्सातील त्या दगडावर फुले वाहावयाची आणि चंफाईच्या वाटेवर तारा ओढावयाच्या, ही दोन कामे एकाच हाताने कशी होतात, याचे उत्तर आम्हांला कोणी द्यावे.

विरोधी पक्षाचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. आपण तोंड फिरविले तर चीन तेथे पाय पसरील. सीमेपलीकडे आपले बंडखोर दडलेले आहेत. अफूची वाट तीच आहे. मणिपूर २०२३ च्या मेपासून होरपळले आहे. यांतील एकही गोष्ट खोटी नाही. पण चीनने पाय पसरावयाचे थांबविले काय? आपल्या मौनाची किंमत म्हणून त्या सेनाधीशांनी आपल्याला काय दिले? आणि बंडखोर व अफूवाला ओळखावयाचा तर पळून आलेल्या माणसाची नोंद हवी, ओळखपत्र हवे. आपल्याकडे तशी नोंद करणारा निर्वासितांचा कायदाच नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही. म्हणून जीव वाचवून आलेली बाई आणि चोरून शिरलेला तस्कर कायद्याच्या एकाच रांगेत उभे राहतात.

दुसरे टोकही आम्हांला मान्य नाही. लोकशाही बंदुकीच्या नळीतून निर्यात करता येते, या समजुतीने २००३ मध्ये इराकवर जे लादले गेले, त्याला पोप जॉन पॉल दुसरे यांनी आधीच विरोध केला होता, आणि पुढील वर्षांनी त्यांचे भय खरे ठरविले. सरसकट निर्बंध हेही जपून वापरावयाचे हत्यार आहे. त्याने राजवाड्यातील चूल विझत नाही, झोपडीतील विझते. सेनाधीशांची परदेशातील खाती गोठवा, त्यांना शस्त्रे विकू नका, त्यांच्या संचलनाला जाऊ नका. यासाठी एकही सैनिक सीमेपार पाठवावा लागत नाही.

आता आपल्या समाजाकडे वळतो, कारण दुसऱ्याला शहाणपण सांगून घरी झोपणे बरे नव्हे. सिस्टर ॲन रोझ आपल्या म्हणून आपल्याला हळहळ वाटली. त्याच म्यानमारमधून २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा किती धर्मग्रामांत त्यांच्यासाठी प्रार्थना झाली? त्या वेळी सू की यांनीही लष्कराची पाठराखण केली आणि २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात जाऊन बाजू मांडली. दोन वर्षांत तेच लष्कर त्यांच्या दारी आले. फादर स्टॅन स्वामी यांना आठवा. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कंपवाताने हात थरथरत असताना, खटला उभा राहण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी त्यांचा मुंबईत कोठडीतील बंदी म्हणूनच अंत झाला. राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार आयुक्तांच्या कार्यालयाने दुःख व्यक्त केले, तेव्हा आपण तो शब्द कृतज्ञतेने ऐकला. त्याला आपण ढवळाढवळ म्हटले नाही. मग चिन टेकड्यांतल्या आईसाठी उच्चारलेला शब्द ढवळाढवळ कसा? हेरोदाच्या तलवारीपासून बाळाला घेऊन मिसरात गेलेल्या कुटुंबाचे चित्र आपल्या घरोघरी आहे. मिसर देशाने त्यांना कागदपत्रे विचारली असती तर काय, हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांनी विचारला पाहिजे आणि शिक्षकांनी टाळता कामा नये. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात देशांतर करण्याच्या हक्काची गणना मानवी हक्कांत केली आहे, हेही त्या वर्गात सांगावे.

आमची मागणी साधी आहे. भारताने निर्वासितांचा कायदा करावा. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी तसे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. तोवर मिझोरमला केंद्राने उघडपणे धान्य आणि पैसा द्यावा, आणि म्यानमारच्या लष्कराला जाणारी प्रत्येक शस्त्रसामग्री थांबवावी. प्रत्येक धर्मग्रामाने या तीन मागण्यांचे पत्र आपापल्या मतदारसंघाच्या खासदारांना पाठवावे. पत्र मराठीत असावे, खाली कुटुंबप्रमुखांच्या सह्या असाव्यात, आणि स्त्रियांच्या सह्या वेगळ्या घ्याव्यात, म्हणजे त्या गाळल्या जाणार नाहीत. महिन्याभरात उत्तर आले नाही तर दुसरे पत्र पाठवावे.