विद्याविहार ते वेस्ट झोन

विद्याविहार स्टेशनवर जलद लोकल थांबत नाही. कुर्ला आणि घाटकोपर यांच्यामधलं हे छोटं स्टेशन, आणि त्याला नाव मिळालं ते पूर्वेकडच्या सोमय्या विद्याविहार या शैक्षणिक संकुलावरून. २०१९ साली या संकुलात स्वतंत्र राज्य खासगी विद्यापीठ झालं. तेव्हा बोलणं झालं ते पदवीवर कोणाचा शिक्का असणार, अभ्यासक्रम कोण ठरवणार आणि फी किती वाढणार याबद्दल. बास्केटबॉलच्या कोर्टावर काय बदललं, याची चौकशी जिमखान्यातल्या लोकांपलीकडे फारशी कोणी केली नाही.

बदल मोठा होता. इथलं इंजिनीअरिंग कॉलेज १९८३ चं. मुंबई विद्यापीठाचं कॉलेज म्हणून त्याचा संघ इंटर-कॉलेज खेळायचा. समोर रुईया, मिठीबाई, झुनझुनवाला अशी ओळखीची नावं. विद्यापीठ वेगळं झालं आणि कॉलेजच्या संघाला विद्यापीठाच्या संघाचा दर्जा आला. आता त्याची परीक्षा होते भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे एआययूच्या, पश्चिम विभागीय स्पर्धेत. खेळाडूंच्या तोंडी ती ‘वेस्ट झोन’. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान इथली विद्यापीठं या विभागात येतात. कालपर्यंत माटुंगा आणि पार्ल्याच्या पोरांशी खेळणाऱ्या संघाला आता पुणे, इंदूर, ग्वाल्हेर आणि जयपूरचे संघ भेटतात.

या बढतीनं संघाचं भलं झालं का? उत्तर कोणत्या खेळाडूबद्दल विचारता त्यावर ठरतं.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत त्याची शेकडो कॉलेजं. या सगळ्या कॉलेजांतून बास्केटबॉलचे बारा जण निवडायचे, म्हणजे चाळणी फार बारीक. आंतरविद्यापीठ खेळांतल्या सर्वोत्तम विद्यापीठाला मिळणारी मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी १९५६-५७ मध्ये पहिल्यांदा दिली गेली, ती याच विद्यापीठाला. एवढ्या मोठ्या घरात कॉलेजचा संघ पहिल्याच फेरीत हरला, तरी त्यातला एखादा उंच, हाताचा पक्का मुलगा निवड चाचणीला जाऊ शकतो, कॅम्पमध्ये शिरू शकतो आणि विद्यापीठाच्या जर्सीत वेस्ट झोन खेळू शकतो. कॉलेज हरलं म्हणून त्याचं वर्ष संपत नाही.

विद्याविहारच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला आता हे दार नाही. त्याचे अकराही सोबती त्याच संकुलातले. ते कच्चे असतील तर तोही त्यांच्यासोबत बाहेर.

पण त्याच संघातल्या नवव्या मुलाचं पाहा. मुंबई विद्यापीठाच्या चाळणीतून तो कधीच वर आला नसता. दुपारी लॅब, संध्याकाळी सराव, रविवारी मुलुंड किंवा चेंबूरच्या कोर्टावर मित्रांबरोबर एखादा सामना, एवढ्यावर त्याची कॉलेजची वर्षं सरली असती. आज तो विद्यापीठाचं नाव पाठीवर घेऊन दुसऱ्या राज्यात जातो, त्याच्यापेक्षा अर्धा फूट उंच मुलाला अडवायला उभा राहतो आणि चाळीस मिनिटांचा खेळ किती वेगानं होतो ते अंगावर अनुभवतो. एका हुशार खेळाडूचं दार अरुंद झालं आणि आठ-नऊ जणांचं उघडलं. हा सौदा वाईट नाही, मात्र त्या आठ-नऊ जणांना खेळायला पुरेसे सामने मिळाले पाहिजेत. खरी अडचण तिथेच आहे.

विभागीय स्पर्धा साधारण अशी चालते. डझनावारी संघ येतात आणि सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या असतात. शेवटच्या चार संघांत साखळी होते आणि ते चार अखिल भारतीय स्पर्धेला जातात. चार विभागांचे मिळून सोळा. त्यातल्या पहिल्या आठांना खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं दार खुलं होतं. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेली ही स्पर्धा आता विद्यापीठ खेळाडूचं मोठं स्वप्न आहे. नव्या, लहान विद्यापीठाचा ड्रॉ मात्र अनेकदा कठीण लागतो. रात्रभर रेल्वेचा प्रवास, सकाळी हजेरी, दुपारी सामना, आणि संध्याकाळी परतीचं रिझर्वेशन बघायला सुरुवात. वर्षभराची तयारी एका दुपारी संपते. इंटर-कॉलेजही बहुतेक बाद फेरीचीच, पण ती घराजवळ असते. हरलेला संघ दुसऱ्याच आठवड्यात एखाद्या निमंत्रितांच्या स्पर्धेत पुन्हा उभा राहतो.

अमेरिकेत कॉलेज संघांनी गट बदलण्याची गेल्या काही वर्षांत लाट आली. त्याची चर्चा पैशाभोवती फिरते, आणि त्यात तथ्य आहे. टीव्हीच्या हक्कांचे करार हेच त्यामागचं मोठं कारण. लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी ही दोन विद्यापीठं २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरचा आपला जुना गट सोडून अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या ‘बिग टेन’मध्ये गेली. इतक्या लांबच्या प्रवासात खेळाडूंचा अभ्यास आणि शरीर दोन्ही थकतील, अशी टीका झाली. महिला बास्केटबॉलमध्ये पहिल्याच वर्षी साखळीचं विजेतेपद यूएससीनं आणि गटाच्या स्पर्धेचं यूसीएलएनं घेतलं. दोन्ही मुकुट नवख्यांकडे. त्यांचा दर्जा आधीपासूनच वरचा होता हे खरं, पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ‘बिग टेन’मधल्या पुरुष संघाला गटातच वीस सामने मिळतात. पहिला हरला तर एकोणीस उरतात. प्रशिक्षकाला चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो, नवव्या खेळाडूला कोर्टावर उतरवायची हिंमत होते. विद्याविहारच्या संघाला नवा गट मिळाला. त्या गटाबरोबर यायला हवे होते ते सामने मिळाले नाहीत.

मुंबईला हे कळायला अमेरिकेपर्यंत जायची गरजही नाही. नागपाड्याच्या गल्लीतल्या कोर्टांनी देशाला एकाहून एक खेळाडू दिले. भारताचे कर्णधार राहिलेले अब्बास मुंतसिर तिथले. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपाड्यात जागा कमी होती, साधनं त्याहून कमी. मुबलक होती ती एकच गोष्ट: रोज संध्याकाळी समोर कोणीतरी खेळायला हजर असे, आणि बहुतेकदा आपल्यापेक्षा चांगला.

खासगी विद्यापीठांपुढे एक दुसरा, जलद रस्ता आहे. २०२४ च्या राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत आझाद ट्रॉफी चंदीगड विद्यापीठाला मिळाली. ती जिंकणारं ते पहिलं खासगी विद्यापीठ. दुसरा क्रमांक लव्हली प्रोफेशनल विद्यापीठाचा. अमृतसरचं गुरू नानक देव विद्यापीठ, ज्यानं ही ट्रॉफी कितीतरी वेळा नेली, ते तिसरं. या यशामागे देशभरातून हेरलेले खेळाडू, त्यांची शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि आहार यांवरचा खर्च आहे. त्यात गैर काही नाही. गरीब घरातल्या मुलाचं शिक्षण त्यातून होतं. तरी मुंबईच्या उपनगरातल्या विद्यापीठानं हाच कित्ता गिरवावा असं वाटत नाही. बारा तयार खेळाडू बाहेरून आणले तर वेस्ट झोनमध्ये दोन फेऱ्या जास्त मिळतील, पण घाटकोपर-मुलुंडच्या शाळांत बास्केटबॉल शिकून आलेला मुलगा पुन्हा बाकावर बसेल. मग वेगळं विद्यापीठ होऊन त्याला काय मिळालं?

मुलींच्या बाबतीत तर चित्र आणखी विलक्षण आहे. घाटकोपरच्या तीन मैत्रिणींनी एकाच शाळेच्या संघातून खेळून बारावीनंतर तीन वाटा धरल्या, असं समजू. एकीनं घाटकोपरच्याच पी. एन. दोशी महिला महाविद्यालयात प्रवेश घेतला. ते एसएनडीटीशी संलग्न, म्हणजे महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठाच्या संघासाठी ती चाचणी देणार. दुसरी रामनिरंजन झुनझुनवाला कॉलेजात गेली. ते स्वायत्त असलं तरी खेळात मुंबई विद्यापीठाचं. तिसरी एक स्टेशन पुढे विद्याविहारला उतरली. एका उपनगरात, एकमेकींपासून चालत किंवा रिक्षानं जाण्याच्या अंतरावर तीन विद्यापीठांच्या खेळाडू राहतात, आणि विद्यापीठाच्या जर्सीत त्या समोरासमोर आल्याच तर राजस्थानात किंवा मध्य प्रदेशात. घाटकोपरमध्ये नाही! पार्ल्याच्या एनएमआयएमएस अभिमत विद्यापीठात जाणारी चौथी मैत्रीण धरली, तर चार.

हे चार संघ आपसात का खेळत नाहीत? नियम आडवा येत नाही. वेस्ट झोन ही एआययूची स्पर्धा. त्याआधी शहरातल्या विद्यापीठांनी आपली साखळी भरवली तर परवानगीचा मोठा प्रश्न नाही. चार संघ प्रत्येकाशी दोनदा खेळले तर एकूण बारा सामने होतात आणि प्रत्येक संघाला सहा मिळतात. दुसऱ्या राज्यात एका दुपारी बाहेर पडणाऱ्या संघासाठी सहा सामने ही फार मोठी कमाई आहे. मुलांमध्ये एसएनडीटीच्या जागी दक्षिण मुंबईतली दोन नवी विद्यापीठं जोडता येतील: केसी आणि एचआर कॉलेजांचं एचएसएनसी, आणि एल्फिन्स्टन, सिडनहॅम यांना घेऊन २०१९ मध्ये झालेलं डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ. तीही सोमय्यासारखीच मुंबई विद्यापीठाच्या मोठ्या घरातून वेगळी झालेली आहेत आणि संघबांधणीत त्यांनाही सामन्यांची तेवढीच निकड असणार.

अडचणी आहेत. मुंबई विद्यापीठाचा संघ इंटर-कॉलेज आणि निवड चाचणी झाल्यावरच बनतो, त्यामुळे पावसाळ्यात तो अस्तित्वातच नसतो. त्याच्या जागी आदल्या वर्षीच्या विजेत्या कॉलेजाला बोलावता येईल. जुलै-ऑगस्टमध्ये उघडी कोर्टं निकामी होतात. अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलासारख्या छपराखालच्या जागा मिळवाव्या लागतील आणि त्यांचं भाडं कुणीतरी द्यावं लागेल. अंतर्गत परीक्षांच्या तारखा चार ठिकाणी चार वेगळ्या. इथे मात्र नव्या विद्यापीठाकडे हुकमी पान आहे: त्याचं परीक्षेचं वेळापत्रक त्याच संकुलात ठरतं. हजेरीची सवलत किंवा चुकलेली चाचणी नंतर घेण्याची मुभा यासाठी कलिनाला, म्हणजे मुंबई विद्यापीठाला, अर्ज पाठवून वाट बघावी लागत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं एखादा पालक विचारेल. तो प्रश्न रास्त आहे, कारण सतरा ते पंचवीस हे विद्यापीठ खेळाडूचं वय, आणि नोकरीचा विचार त्याच वर्षांत करावा लागतो. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीत अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतलं स्थान मोजलं जातं, आणि मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं याच शहरात आहेत. पण तिथवर पोचायला आधी आपल्या विभागातल्या पहिल्या चारांत यावं लागतं. आज विद्याविहारच्या संघाला तिथे जाण्याची संधी आहे, पूर्वी कॉलेजचा संघ म्हणून ती नव्हतीच. पुढच्या हंगामासाठी सहा सामन्यांचं वेळापत्रक जूनमध्ये, परीक्षांच्या तारखा पक्क्या होण्याआधी, मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी, एनएमआयएमएस आणि सोमय्या इथल्या क्रीडा संचालकांनी एकत्र बसून ठरवायला हवं.