पोलाद ओळखा, मग घण उचला

आपल्या समाजातील अनेकांची रोजी भंगार आणि गॅरेज या धंद्यांवर चालते. ट्रकचा तुटलेला पाटा तेथून किलोच्या भावाने जातो. त्याच पाट्याचा कोयता, छिन्नी किंवा कसाई बांधवांचा सुरा झाला, की मोल वजनावर नव्हे, हुनरावर ठरते. तरीही लोहारकाम शिकायला आमची मुले पुढे येत नाहीत. ‘यंत्रे नाहीत, भांडवल नाही’ ही सबब आम्हाला पटत नाही.

शिकण्यापुरती साधने भंगारातच आहेत. जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी होते, हातपंखा भात्याचे काम करतो आणि जाड पोलादी ठोकळा लाकडी ओंडक्यात बसवला की ऐरण तयार. रेल्वेचा रूळ मात्र पावतीशिवाय घेऊ नये. पोलीस केस होते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत घालू नये. त्याचा धूर बाधतो.

खरे भांडवल आहे पोलादाचे ज्ञान. बांधकामाची सळई धारेच्या कामाची नाही. पाणी देऊनही ती पुरेशी कडक होत नाही. पाट्याच्या पोलादात कार्बन अधिक असतो, म्हणून ते कडक होते. ते तापवताना सुमारे ७७० अंशांना चुंबक चिकटेनासे होते. त्यानंतर थोडे अधिक तापवून तेलात बुडवावे. साध्या पाण्यात तडा जाण्याचा धोका असतो. एवढ्यावर थांबल्यास पाते काचेसारखे तुटते. म्हणून ते घासून पुन्हा मंद तापवावे. सुऱ्याला पिवळसर, कुऱ्हाडीला जांभळट रंग येईपर्यंत. ही शेवटची पायरी टाळणारा कारागीर माल एकदाच विकतो. गिऱ्हाईक परत येत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत लोहारकामही आहे. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठरलेली आहे. योजनेतील कर्जावर ५ टक्के व्याज आहे. ज्यांना व्याज नको, त्यांनी कर्ज न घेता प्रशिक्षण व अवजारे घ्यावीत.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम पैगंबर होते, बादशहा होते, तरी लोखंडाची चिलखते स्वतःच्या हातांनी घडवीत. मग घण उचलण्यात आम्हाला कमीपणा का वाटावा? भंगारवाल्या बांधवांनी निदान एक पाटा बाजूला ठेवावा आणि मुलाला एखाद्या जाणत्या उस्तादाकडे धाडावे.