फिटचे खापर डुकरावर नको



कपाशीच्या निंदणात एखाद्या पोरीला फिट आली की कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल. मग देवऋषी, अंगारा, आणि शेवटी ठरलेले लग्न मोडते. फिटची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक ताटातून येते आणि टाळता येते, म्हणून हे लिहीत आहोत.

डुकराचे कच्चे राहिलेले मांस खाल्ले तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतल्या गाठी मात्र वेगळ्या वाटेने होतात. त्या जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून पडतात आणि पाणी, माती, न धुतलेले हात यांतून अन्नात जातात. ती पोटात गेली की अळ्या रक्तातून मेंदूत पोचतात, गाठ धरतात. मग फिट येते. म्हणजे माळकऱ्यालाही हा रोग होतो. न्यूयॉर्कमध्ये डुक्कर वर्ज्य मानणाऱ्या ज्यू कुटुंबांत तो निघाल्याचे 1992 साली डॉक्टरांनी छापले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, रोगाचा वावर असलेल्या अनेक भागांत फिटच्या 100 रुग्णांपैकी सुमारे 30 जणांत हेच कारण असते.

तेव्हा डुकरे पाळणाऱ्या वस्तीकडे बोट दाखवणे बंद करा. अंडी माणसाची विष्ठा पसरवते.

आपल्या हातचे आपण करू. उपटलेला मुळा, गाजर नाल्यात बुचकळून खाऊ नका. स्वच्छ पाण्याने चोळून धुवा. जेवणाआधी हात साबणाने धुवा. क्लोरिनने ही अंडी मरत नाहीत, उकळल्याने मरतात. फिट येत असेल तर दुकानातून जंताची गोळी आणून घेऊ नका. मेंदूतली गाठ सुजून जीवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.

पण सगळा बोजा शेतकऱ्याने का वाहायचा? शहराने घाण नाल्यात सोडायची आणि त्या पाण्यावर भाजी काढणाऱ्याला दोष द्यायचा, हा न्याय आम्हाला मान्य नाही. सांडपाणी शुद्ध करूनच सोडा. संडासाला पाणी द्या. फिटच्या गोळ्या आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळाल्या पाहिजेत. डुकरांची लस हैदराबादेत बनते. ती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणा.

या मागण्या बैठकीत ठराव करून पंचायत समितीकडे न्या. आणि पोरीचे मोडलेले लग्न पुन्हा जुळवायला चार माणसे पाठवा. फिट हा रोग आहे, शाप नाही.