घरांतला समुद्र : विदूषक माशांची निवड

धाराशिवास समुद्र नाहीं. कोंकणचा किनारा येथून सरळ रेषेंत सुमारें शंभर कोस दूर; आणि जें गोडें पाणी माणसांस लागतें, त्याचीही चैत्र-वैशाखांत वाट पाहावी लागते. अशा गांवीं खाऱ्या पाण्याची कांचपेटी घरांत ठेवावी, ही कल्पना आमच्या पुतण्यानें प्रथम बोलून दाखविली, तेव्हां आमच्या मातुःश्रींनीं त्यास विचारलें, "मीठ घालून पाणी नासवायचें, तें कशासाठीं रे ?" ह्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर त्या वेळीं घरांत कोणापाशींच नव्हतें. तरी पेटी आली. तिला आतां दोन वर्षें होऊन गेलीं. ह्या अवधींत आमच्या हातून जी एक मोठी चूक झाली, ती इतर कुटुंबांस टाळतां यावी म्हणून हा प्रपंच.

पेटी २०० लिटरची. शुद्ध केलेल्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम याप्रमाणें ७ किलो समुद्री मीठ कालविलें होतें, आणि पाण्यांतील अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत दीड महिना धीरही धरला होता. एवढी काळजी घेऊन मासे निवडतांना मात्र आम्हीं केवळ रंग पाहिला. विदूषक मासा गरीब, असें दुकानदारानें सांगितलें व आम्हीं तें मानलें. एक नारिंगी, तीन पांढऱ्या पट्ट्यांचा. दुसरा गडद तांबडा, 'मरून' जातीचा. दोघेही पुरते वाढलेले आणि आकारानें जवळजवळ सारखे. तिसऱ्या दिवशीं नारिंगी मासा फाटक्या परांनीं वरच्या कोपऱ्यांत दडून बसलेला दिसला; पांचव्या दिवशीं तो मेला. आमची धाकटी पुतणी पुढें कित्येक दिवस त्या खोलींत फिरकली नाहीं. दोष तांबड्या माशाचा नव्हता. दोष निवडणारांचा होता.

ह्या माशांचें नांव विदूषक असलें तरी त्यांचा संसार मोठ्या शिस्तीचा आहे. हिंदी व प्रशांत महासागरांत त्यांच्या सुमारें तीस जाती असून आपल्या अंदमान व लक्षद्वीप बेटांजवळही कांहीं आढळतात. विषारी स्पर्शिका असलेला 'समुद्रफूल' नांवाचा प्राणी हें त्यांचें घर. एका घरांत राहणाऱ्या माशांत सर्वांत मोठी ती मादी. तिच्या खालोखाल मोठा तो नर. बाकीचे उतरत्या आकाराचे, प्रजनन न करणारे. जन्मतः कोणीही मादी नसते. मादी मेली म्हणजे तिचा नरच कालांतरानें मादी होतो, आणि त्याच्या जागीं खालचा चढतो. हान्स फ्रिके ह्या जर्मन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यानें १९७७ सालीं हा प्रकार प्रसिद्ध केला. पुढें २००३ सालीं पीटर बस्टन यानें असें दाखविलें कीं, खालचा मासा आपली वाढच आवरून धरतो व वरच्याहून लहान राहतो. वरच्यास तो बरोबरीचा वाटूं लागला, तर घराबाहेर हांकलला जाण्याची भीति असते. आणि समुद्रांत घराबाहेर पडणें म्हणजे बहुधा मरणच.

ह्यावरून पेटीच्या मालकानें घ्यावयाचा बोध असा : भांडण होतें तें बरोबरीच्यांत. आकाराचा क्रम आधींच ठरलेला असला तर तंटा थोड्यांत मिटतो; न ठरलेला असला तर तो दांतांनीं ठरविला जातो. समुद्रांत हरलेल्यास निदान पळण्यास वाट असते. पेटीस चार भिंती असतात.

म्हणून निवड करतांना एकाच जातीचे दोनच मासे घ्यावे. दोन जाती एका पेटींत कधींही घालूं नयेत. दोघेही अल्पवयी असावे, व एक दुसऱ्याहून स्पष्टपणें मोठा असावा. मोठा मादी होईल, लहान नर राहील. नवशिक्यानें 'ऑसेलॅरिस' ही जात घ्यावी. तिची मादी फार तर ११ सेंटिमीटरांपर्यंत वाढते व स्वभाव त्यांतल्या त्यांत शांत असतो. 'पर्क्युला' तिच्यासारखीच, पण थोडी नाजूक. 'क्लार्की' व 'टोमॅटो' ह्या जाती दांडग्या होत. 'मरून' तर मिश्र पेटींत घेऊंच नये. तिची मादी १५ सेंटिमीटरांच्याही पुढें जाते आणि कित्येकदां आपल्या नरासही सोडीत नाहीं. समुद्रफुलावांचून पेटींतील जोडीचें कांहीं अडत नाहीं. तें सांभाळणें मात्र कठीण, म्हणून पहिल्या वर्षीं त्याचा मोह नको.

शेजारी निवडतांनाही विचार हवा. तळाशीं राहणारे लहान गोबी, तसेच फायरफिश व कार्डिनल हे मासे चालतात. 'लायनफिश' ह्या जोडीस गिळून टाकील. 'डॅमसेल' हे विदूषकांचेच भाऊबंद आणि जागेसाठीं तितकेच भांडखोर. ते नसलेले बरे. सौम्य शेजारी आधीं सोडावे व विदूषकांची जोडी सर्वांत शेवटीं. कारण जो आधीं येतो तो सारी पेटी आपली समजतो. सोडतांना दिवा मालवावा. पेटींत जुना मासा असल्यास दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे त्याची हद्द पुसली जाते.

लहान मासा मोठ्यापुढें अंग थरथरवितो, तें पाहून घाबरूं नये. तो त्याचा नमस्कार आहे. दिवसांतून एकदोनदां पाठलाग होणेंही स्वाभाविक. परंतु पर फाटणें, अन्न सोडणें, पृष्ठभागाशीं कोपऱ्यांत दडून राहणें, ह्यांपैकीं एक जरी लक्षण दिसलें तरी त्याच दिवशीं मध्यें भोकें असलेला पडदा घालून दोघांस वेगळें करावें. आम्हीं दोन दिवस वाट पाहिली, तीच नडली.

मासे शक्य तर पैदास केलेलेच मागावे. समुद्रांतून धरलेल्या माशांबरोबर रोग येतात, आणि तिकडचें घरही ओस पडतें. १९४७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनें ह्या माशांच्या पैदाशीची रीत आपल्या देशांत बसविली. आपल्या राज्यांत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रांतही ती पैदास झाली आहे. पेटीच्या शोभेसाठीं प्रवाळ मात्र कोणी आणून देऊं लागल्यास घेऊं नये. त्यास वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे.

आतां पाण्याविषयीं, कारण आमच्या जिल्ह्यांत खरा प्रश्न तोच. आठवड्यास २० लिटर पाणी बदलावें लागतें, आणि तितकें शुद्ध पाणी निघतांना घरगुती यंत्र सुमारें ६० लिटर बाजूस टाकतें. उन्हाळ्यांत बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन असतां पेटी २५ ते २७ अंशांवर राखावी लागते. पंख्यानें ती निवते, पण पाणी उडतें. मीठ उडत नाहीं. म्हणून ती तूट शुद्ध गोड्या पाण्यानेंच भरावी. ज्या वर्षीं विहीर आटेल त्या वर्षीं हें कसें चालेल, ह्याचें उत्तर घरांतील सर्वांनीं मासे आणण्यापूर्वीं द्यावें. अन्नाचाही खुलासा आधींच व्हावा. गोठविलेली कोळंबी फ्रीजमध्यें ठेवूं देण्यास आमच्या वहिनींनीं साफ नकार दिला. कोरड्या गोळ्यांवर मासे उत्तम राहतात. परंतु त्यांतही माशांचाच भुगा असतो, हें आम्हीं त्यांच्यापासून लपविलें नाहीं. गोळ्यांचा डबा माडीवर पेटीपाशींच असतो.

तांबडा मासा दुकानदारानें परत घेतला. त्यानंतर पैदास केलेले दोन ऑसेलॅरिस आणले, एक ५ व दुसरा ३ सेंटिमीटरांचा. मोठीनें पहिल्या आठवड्यांत थोडें हटकलें, धाकट्यानें थरथरून मान दिला, आणि प्रकरण तेथेंच संपलें. आतां तीं उलट्या ठेवलेल्या कुंडीवर अंडीं घालतात. नर त्यांस पंखांनीं वारा घालतो, आणि कांच पुसणाराच्या हातास मादी न चुकतां चावते. धाकटी पुतणी पुन्हां पेटीपाशीं बसूं लागली आहे.

मातुःश्री वर क्वचितच येतात. यंत्रानें बाजूस टाकलेलें पाणी मात्र दर रविवारीं मोजून घेतात. त्यांत फरशी पुसली जाते व अंगण शिंपलें जातें. पाणी नासलें नाहीं, एवढें त्यांनीं मान्य केलें आहे. खर्च मात्र झालें, असें त्या अजून म्हणतात. आणि तें खरें आहे.